जन्मठेप भोगून आलेल्याचं मत

आता कोतवालाला कोतवाल म्हणत नाहीत, महसूल सेवक म्हणतात. नाव मोठं झालं, काम तेच राहिलं. तलाठी आला की त्याच्या मागं हिंडायचं, पंचनाम्याला पंच गोळा करायचे, नोटीस पोचवायची, दवंडी द्यायची. अन् निवडणूक आली की शाळेची राखण करायची. नाव बदलायच्या आधीच मी रिटायर झालो. कोतवाल म्हणून लागलो अन् कोतवाल म्हणूनच सुटलो, हे एक बरं झालं.

हिंगोलीहून दिवाळी अंक काढणारे एक मास्तर आले अन् म्हणाले, तुमच्या नोकरीचं लिहून द्या. मी म्हणालो, "साहेब, मी चौथी शिकलेला. माझं काय लिहिणं!" ते म्हणाले, "बोलता तसं लिहा." आता बोलायचं म्हणलं तर माझं बोलणंच कमी झालंय. माझी बायको गया जाऊन दुसरं वरीस सरत आलं. ती अंगणवाडीत मदतनीस होती, लेकरांची खिचडी शिजवायची. घरात बोलायला तीच होती. पोरगी वसमतला दिली, ती फोन करते, पण फोनवर माणूस किती बोलणार? "जेवले का?" "जेवलो." झालं.

तर निवडणुकीचंच सांगतो. बाकी नोकरीत सांगण्यासारखं काही नाही.

आमचं गाव गोरेगावच्या पुढं, जीपच्या रस्त्यावर. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारून पार्टी येते. पार्टी म्हणजे पुढाऱ्याची नव्हं, मशीन घेऊन येणारी सरकारी माणसं. कोणी मास्तर, कोणी बँकेतला, कोणी पाटबंधाऱ्यातला. खाली उतरले की पहिला सवाल एकच, "कोतवाल, संडास कुठं आहे?" आपली लोकशाही तिथून सुरू होते, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. त्यांना पाणी, गाद्या, पंखा, चहा हे सगळं कोतवालानं बघायचं. सकाळी बाया-माणसांच्या दोन रांगा लावायच्या. म्हाताऱ्यांना धरून आणायचं. एका म्हातारीनं मशीनला हात जोडले अन् "माझ्या नातवाला नोकरी लागू दे" म्हणून तशीच भाईर आली. बटन दाबलंच नाही. तिला परत आत न्यावं लागलं.

खोलीत काय असतं ते ज्यांनी बघितलं पण ध्यान दिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिला साहेब यादीतलं नाव मोठ्यानं वाचतो. मोठ्यानं काहून, तर बाजूला उमेदवारांचे एजंट बसलेले असतात. ते गावचेच असतात. कोणी दुसऱ्याच्या नावावर मत टाकू राहिलं का, हे त्यांनी बघायचं. शक आला तर एजंट नावापुरती फी भरून आक्षेप घेऊ शकतो. मग केंद्राध्यक्ष, म्हणजे त्या खोलीचा मुख्य, तिथंच चौकशी करतो. गावच्या माणसांना विचारतो, हा तोच का? पटलं तर मत, नाही तर पोलीस. गावात असा आक्षेप येत नाही. इथं कोणाच्या म्हशीनं काय खाल्लं ते माहीत असतं, माणूस ओळखायची काय बात.

अन् गुन्हेगाराच्या मताचं म्हणाल तर लोकांच्या डोक्यात लय घोळ आहे. आमच्या गावात एकजण मटक्यात धरला गेला, दंड भरून सुटला. पुढच्या मतदानाला तो कपाशीत लपून बसला. मी बोलवायला गेलो.

"काहून लपला रे?"

"दादा, माझ्यावर केस झाली न. गुन्हेगाराला मत नसते. शाई लावायला बोट पुढं केलं की हातच धरतील."

"भोकाच्या, तुझा हात धरून सरकार काय करीन? चल."

ओढतच आणला. मत टाकलं, अन् दिवसभर ते शाईचं बोट सगळ्यांना दाखवत फिरला. तवाच मी साहेब लोकांना इचारून घेतलं. कायदा साधा आहे. आत हाय तवर मत नाही. भाईर आला की मत आहे, शिक्षा भोगलेला असो की जामिनावर सुटलेला. नुसत्या संशयावर आत बसलेल्या गरिबालाही मत नाही, कारण तो आत आहे. पण खटला चालू असलेला मोठा माणूस आत बसून निवडणुकीला उभा राहू शकतो. स्वतःला मत देऊ शकत नाही, दुसऱ्याचं घेऊ शकतो. हे मला कळलं तवा मी साहेबाला म्हणालो, कायदा लिहिणाऱ्याला दुपारची झोप आली असंल. साहेब हसला, पण नाही म्हणाला नाही.

आता नामदेवचं सांगतो. त्याच्यासाठीच लिहायला बसलो.

नामदेव अन् केरबा, दोघांची वावरं शेजारी. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाद. हा म्हणायचा दोन तासं, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, माझी कोरली, तो म्हणायचा तुझीच जीभ लांब. एका सकाळी शब्दावर शब्द गेला अन् नामदेवनं हातातली काठी घातली. एकच घाव. केरबा धुऱ्यावरच गेला. नामदेव पळाला नाही. पायी चालत ठाण्यात गेला. जन्मठेप लागली. केरबामागं सुभद्रा राहिली अन् दोन लहान पोरी. गया रोज संध्याकाळी सुभद्राकडं जाऊन बसायची. काय बोलायच्या मला ठाऊक नाही. बहुतेक काहीच बोलत नसतील.

पुढं मतदार यादी तपासायला शाळेचे गुरुजी आले की गावातले पुढारी हटकून म्हणायचे, नामदेवचं नाव काढा. एकदा गुरुजी अंगणवाडीत बसून यादी बघू राहिले होते. गया खिचडी हलवता हलवता म्हणाली, "गुरुजी, मेला का तो?"

"नाही."

"दुसऱ्या गावी घर केलं का?"

"बाई, जेल म्हणजे घर असतं का?"

"मंग काहून काढता? सरकारनं नेला, सरकारच आणून सोडीन. केरबाभाऊचं नाव गेलं ते परत येत न्हाई. त्या दिवसापायी एक नाव गेलं तेवढं बस झालं."

गुरुजींनी तहसिलात इचारलं. तेही म्हणाले, नाव राहतं, फक्त आत असेपर्यंत मत देता येत नाही. नाव राहिलं. गावातल्या काहींनी गयाला बोल लावले, खुन्याची वकील म्हणून. ती म्हणायची, "वकील असते तर खिचडी शिजवली असती का?" अन् बोल लावणाऱ्यांत सुभद्रा कधी नव्हती, हेही सांगून ठेवतो.

नामदेव सुटून आला ते पावसाळ्याच्या शेवटी. जीप गावात येते, पण तो अलीकडंच उतरला अन् शेतातून चालत आला. केस पांढरे, पुढचे दात गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. घर पडलेलं, आई मेलेली. भावकीनं दार लावून घेतलं. तो आमच्या वस्तीत आला, आमच्या ओसरीपुढं उभा राहिला अन् म्हणाला, "वहिनी, पाणी मिळन का?"

जेलात जायच्या आधी हा माणूस आमच्या वस्तीत पाणी पीत नव्हता. मी ते बोलणार होतो. गयानं माझ्याकडं असं बघितलं की मी तांब्या आणायला गेलो.

तो पडक्या घराच्या भिंतीला सप्पर टाकून राहिला. हळद शिजवायच्या कामाला जायचा, मिळालं तर. जेवायला आमच्याकडं. त्यानं आपलं वावर परत हाती घेतलं, तवा पेरताना धुऱ्याच्या अलीकडं चांगली दोन-चार तासं सोडून पेरलं. कोणाला बोलला नाही. सुभद्रानंही तिकडं पेरायची पाभर नेली नाही. ज्या पट्टीपायी माणूस गेला ती पट्टी तशीच पड राहिली, गवत वाढलं. वाटेत सुभद्रा दिसली की तो बांधाच्या खाली उतरून उभा राहायचा, ती जाईपर्यंत. ती त्याच्याकडं बघायची नाही. दोघांची वाट एकच.

त्याच हिवाळ्यात गया गेली. छातीत दुखतंय म्हणाली, जीप मिळाली, हिंगोली गाठली, पण दवाखान्याच्या पायरीवरच संपलं. लोक आले, समजूत घालून गेले. नामदेव आला अन् ओसरीवर बसला. समजूत घातली नाही, धीर दिला नाही. रोज यायचा, चुलीवर भाकर टाकायचा, दोघांची. भाकर जाड व्हायची. जेलात माणूस गप बसायला शिकतो, ते शिक्षण त्या दिवसांत माझ्या कामी आलं. मी कोणालाही सांगतो, त्या माणसानं मला उठवून बसवलं.

उन्हाळ्यात निवडणूक लागली. मी दवंडी देऊन आलो. जेवता जेवता नामदेव म्हणाला, "दादा, मला मत हाय का?"

"हाय. नाव हाय यादीत."

"माझं?" त्यानं घास खाली ठेवला. "कसं काय?"

मी गयाचं सांगितलं. त्यानं खाली ठेवलेला घास उचलून खाल्ला. मग म्हणाला, "जाऊ का? लोक बोलतील."

"बोलतीलच. तोंडं कशाला दिलीत?"

"आत टीव्हीवर दाखवायचे. लोक शाईचं बोट वर करून उभे. आमची बराक गप व्हायची तवा. दादा, गाव मला धरत न्हाई. त्याचं काही म्हणणं न्हाई, मी केलंच तसं. पण सरकार तरी मला धरतं का, एवढं बघायचं हाय."

मतदानाच्या दिवशी तो दुपारी आला, माणसांची रांग मोडल्यावर. शर्ट धुतलेला, पण इस्त्री नाही. हातात जुनं मतदार कार्ड, जेलात जायच्या आधीचं. बायांची रांग मात्र होती, सकाळची कामं उरकून आलेल्या. मी दारात पाण्याचा हंडा ठेवून उभा.

केंद्राध्यक्ष एक बाई होत्या, वसमतकडच्या शाळेतल्या मास्तरीण. पहिल्या साहेबानं नाव वाचलं, "नामदेव मारोती." अन् एजंटांच्या बाकावरून बबन उठला. एका पुढाऱ्याचा उजवा हात, गावात सगळ्यांच्या पुढं चालायची सवय.

"ओ मॅडम, थांबा. हा जन्मठेपेचा कैदी हाय. ह्याला मत न्हाई."

मॅडमनं नामदेवला इचारलं, "शिक्षा संपली?"

"व्हय, बाई."

"मग आहे त्यांना मत. जेलच्या आत असणाऱ्याला नसतं. ते तर माझ्यासमोर उभे आहेत."

रांगेतल्या बाया हसल्या. बबनचं तोंड लाल झालं. "मंग माझा दुसरा आक्षेप लिहा. हा नामदेव कशावरून? कार्ड बघा अन् माणूस बघा."

आता हे मात्र त्यानं बराबर धरलं. कार्डावर काळ्याभोर मिशांचा, भरल्या गालाचा जवान. यादीतही तोच फोटो. अन् समोर हा बोळका. बाप अन् लेक म्हणले असते तरी चाललं असतं. मॅडमनं दोनदा बघितलं.

"दुसरं काही ओळखपत्र?"

"न्हाई, बाई."

"आक्षेप घेतलाय, मला चौकशी करावी लागेल. यांना कोण ओळखतं?"

मी पुढं झालो. "मॅडम, मी कोतवाल. हाच नामदेव मारोती."

"कोतवाल सांगणारच!" बबन ओरडला. "दोन टाइम ह्याच्याच ओसरीवर गिळतो तो. कोतवालाची साक्ष मला मान्य न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "आणखी कोणी?"

पोलीस पाटील दारातच होता. म्हणाला, "मी नोकरीला लागलो तवा हा आतच होता." त्याच गावात जन्मला, त्याच आळीत वाढला, अन् ओळख मात्र नोकरीपासून मोजू राहिला. बाकीच्यांचं काय सांगावं. कोणी छताचा पंखा बघतंय, कोणी चपलेचा अंगठा. सगळ्यांना माहीत होतं हा नामदेव आहे म्हणून. उभ्या गावाला माहीत होतं. बोलायला कोणाची जीभ उचलंना. बबनशी वाकडं कोण घेणार, अन् तेही खुन्यासाठी.

नामदेव मला म्हणाला, "राहू द्या, दादा. समजलं मला. जातो." अन् वळला.

"थांब."

बायांच्या रांगेतून आवाज आला. सुभद्रा. पदर खोचून ती आत आली. केरबा गेल्यापासून ती नामदेवशी एक शब्द बोलली नव्हती. हा पहिला.

मॅडमनं इचारलं, "तुम्ही यांना ओळखता?"

"माझ्याइतकं कोण वळखीन, बाई?"

"तुमचं काय नातं?"

"ह्यानं माझा मालक मारला."

साहेबाचा पेन थांबला, शाई लावणारी बाई बोट धरून तशीच बसली. मॅडम हळूच म्हणाल्या, "मालकाचं नाव?"

आमच्याकडं बाई मालकाचं नाव घेत नाही. म्हाताऱ्या बायांच्या नवऱ्यांची नावं मतदानाच्या दिवशी मीच साहेबाच्या कानात सांगतो. मी सांगायला वाकलो, तर तिनं हातानं मला मागं सारलं.

"केरबा," ती म्हणाली. "केरबा माझा मालक. अन् हा नामदेव, मारोतीचा. दोघांचे धुरे शेजारी."

बबन पुढं आला. "काकू, तुमी ह्याच्याकडून बोलता? ज्यानं तुमचं कपाळ पांढरं केलं त्याच्याकडून?"

"मी कोणाकडून बोलत न्हाई, बबन्या. तू पाळण्यात होता तवापासून मी तुला बघते, मला शिकवू नको. कोर्टात जजानं इचारलं, कोणी मारलं? मी ह्याच्याकडं बोट केलं. ह्याच माणसाकडं. त्या बोटावर तो इतकी वर्षं आत राहिला. आता तू म्हणतो हा नामदेव न्हाई. मंग मी आत कोणाला घातलं? माझा मालक मारला कोणी? सांग न. तुझ्या एका मतासाठी मी कोर्टात खोटी ठरू का?"

बबन बसला. बाकावर जागा होती म्हणून बसला, नाही तर खालीच बसला असता.

"त्यानं केलं ते केलं," सुभद्रा मॅडमला म्हणाली, "ते मी मरेपर्यंत इसरत न्हाई. पण माणूस हाच हाय. लिहा."

मॅडमनं लिहिलं. तिचा अंगठा नाही, सही घेतली. सुभद्रा सही करते, गयानंच तिला शिकवलेली. मग मॅडम उभ्या राहिल्या अन् म्हणाल्या, "ओळख पटली. आक्षेप फेटाळला. नामदेव मारोती, पुढं या."

मी साहेब लोकांच्या हाताखाली जन्म काढला. मोठमोठी माणसं बघितली, झेंडा लावणारी, भाषणं करणारी. पण त्या दिवशी त्या खोलीत जेवढं मोठं माणूस बघितलं तेवढं दुसरीकडं दिसलं नाही. तिनं माफी दिली असं कोणी समजू नका. माफी दिली नाही, द्यायची गरजही नव्हती. तिनं खरं सांगितलं, ज्याचा फायदा तिच्या वैऱ्याला होणार होता ते खरं. गावात शहाणे लय आहेत, पण एवढं कोणाकडून झालं असतं?

नामदेवनं बोट पुढं केलं. शाई लागल्यावर त्यानं ते उजेडात धरून बघितलं. तो पुठ्ठ्यामागं गेला. बराच वेळ आवाज येईना. मॅडम म्हणाल्या, "आजोबा, बटन दाबा."

"दाबतो, बाई," आतून आवाज आला. "घाई कशाची करता? लय दिवसांनी आलो."

मग मशीन वाजली. लांबलचक वाजते ती, तुमाला माहीतच आहे.

तो भाईर आला, पण घरी गेला नाही. शाळेच्या फाटकापाशी भिंतीला लागून उभा राहिला, उन्हात. मी म्हणालो, "आता काहून थांबला? जा की."

"सुभद्राबाईला जाऊ दे आधी. वाट एकच हाय."

सुभद्रानं मत टाकलं, भाईर आली, माझ्या हंड्यातून पाणी पिली. फाटकापाशी गेली तसा नामदेव खाली मान घालून आणखी भिंतीला चिकटला. मला वाटलं ती निघून जाईल. ती थांबली. त्याच्याकडं न बघता, रस्त्याकडं बघत म्हणाली,

"तू चल पुढं. मागून कोणी चाललं की मला भ्या वाटतं. इतकी वर्षं वाटतं."

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, मग निघाला. ती त्याच्या मागं, चांगलं अंतर ठेवून. रांगेतल्या बाया, झाडाखालचे गडी, सगळे बघू राहिले. तो भरभर चालू लागला तशी ती मागून ओरडली, "हळू. मला गुडघे हायेत." तो हळू झाला. दोघं तशीच वळणापर्यंत गेली.

मला आतून हाक आली, पाणी संपलं म्हणून. मी गेलो.

मशीन मोटारीत चढवून, शाळेला कुलूप लावून घरी आलो. असं काही झालं की मी चपला काढायच्या आधीच गयाला सांगायला लागायचो, अन् ती म्हणायची, "अवो, आधी पाय तर धुवा." मी पाय धुतले. ओसरीवर बसलो. सगळं सांगायचं तसंच तोंडात राहिलं.

मास्तर म्हणाले लिहा, म्हणून आज कोणाला तरी सांगितलं.